ओढ्यापल्याडचे नवरे

सांगलीहून निघालो तेव्हा आमच्या जीपच्या टपावर नारिंगी रंगाची रबरी बोट पालथी बांधलेली होती, आणि आम्ही चाललो होतो बीड जिल्ह्यात. बोट खरं तर हवा काढून, घडी घालून न्यायची असते. पण माने सरांचा तिच्या झडपेवर विश्वास नव्हता. एकदा हवा सोडली तर ऐनवेळी ती दगा देईल, असं त्यांचं म्हणणं. माने सर म्हणजे निवृत्त अग्निशमन अधिकारी. मिशा पांढऱ्या, आवाज भोंग्यासारखा, आणि गाडी नेहमी तेच चालवतात. मी पूर्वी भूगोल शिकवायचे. आता आम्ही दोघं एका छोट्या संस्थेतर्फे फिरतो आणि पूर, आग, भूकंप असं मोठं संकट आलं तर गाव कसं सांभाळायचं ते सरपंचांना शिकवतो. कामाचा विषय गंभीर. पण या सफरीत मी इतकी हसले की परतल्यावरही बरगड्या दुखत होत्या, आणि त्या हसण्याच्या बरोबर मधोमध एकदा काळजाचं पाणीही झालं.

टपावर हवेची बोट घेऊन हमरस्त्याने जाणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. जरा वेग वाढला की जीप हलकी व्हायची. बार्शीच्या पुढे उघड्या माळावर वारा सुटला, तेव्हा आता आपण उडतो की काय असं मला वाटलं. माने सर मात्र शांतपणे म्हणाले की उडालो तरी बोट वरच आहे, काळजी नसावी.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. भादवा सरत आला होता, ऊन लख्ख होतं. चहावाल्याने आधी बोटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा बोटीकडे.

"मॅडम, समुद्र मागं ऱ्हायला," तो म्हणाला.

आम्ही गेवराई तालुक्यात सरपंचांना शिकवायला निघालोय, असं मी सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, "सरपंचाला बोट कावून (कशाला) लागती?" बाकड्यावरचे सगळे हसले. एकाने शंका काढली की निवडणुकीचं चिन्ह असेल. पण कडेला बसलेले एक गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, की आता पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही. येत नाही तेव्हा येतच नाही, आणि येतो तेव्हा बांधासकट रान घेऊन जातो. मग त्यांनी आमच्या चहाबरोबर भजी मागवली आणि बोटीला हात लावून पाहिला.

तलवाड्याला पोचलो. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले आणि सभागृहात शिरलो. प्रशिक्षण महिला सरपंचांचं होतं, त्यामुळे सभागृहात निम्मे पुरुष होते. पुढच्या खुर्च्यांवर नवरे बसलेले, पांढऱ्या कपड्यांत, पायावर पाय टाकून. मागच्या खुर्च्यांवर त्यांच्या बायका, ज्या खऱ्या सरपंच.

पहिल्या रांगेत मधोमध भास्करराव होते. भारदस्त माणूस, खिशाला पेन, हातात मोबाईल. गोदाकाठच्या एका गावाच्या सरपंच रुक्मिणबाई, त्यांचे हे यजमान. (गावाचं नाव देत नाही. का ते पुढे कळेलच. भास्कररावांनी माझ्याकडून तसं वचनच घेतलंय.) गावात सगळे भास्कररावांना 'सरपंच साहेब' म्हणायचे आणि रुक्मिणबाईंना 'सरपंच साहेबांची मंडळी'. मी रुक्मिणबाईंना विचारलं, गावात पाणी शिरलं तर पहिल्यांदा कुणाला हलवाल? उत्तर भास्कररावांनी दिलं. मी म्हटलं, मी ताईंना विचारतेय. त्यावर भास्कररावांनी मागे वळून रुक्मिणबाईंना प्रश्न सांगितला, जणू त्यांना मराठी येत नव्हती, आणि मग त्यांचं उत्तरही पुन्हा स्वतःच दिलं.

माने सरांनी घड्याळ पाहिलं आणि अत्यंत आदराने सर्व यजमानांना बाहेर मांडवात चहा आणि चिवडा तयार असल्याचं सांगितलं. माणसं गेली. दार लोटलं. आणि सभागृहात असा काही गलका उसळला की पंखेसुद्धा जोरात फिरू लागल्यासारखे वाटले. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कुठल्या सुनेचे दिवस भरलेत, कुठला रस्ता पहिल्यांदा तुटतो, कुणाचा ट्रॅक्टर मागितला तर मिळतो आणि कुणाचा मागूही नये. यातलं काही शिकवायची गरज नव्हती. शिकवायचं होतं ते हे सगळं मोठ्या आवाजात, चारचौघांत, हुकूम म्हणून बोलायचं.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाईंच्या गावात रंगीत तालीम होती. तालमीत खोटं संकट आणि खरं संकट यांची गल्लत होऊ नये म्हणून एक परवलीचा शब्द ठरवावा लागतो. तालीम चालू असताना खरोखरच काही झालं, तर तो शब्द उच्चारायचा, की सगळ्यांनी खेळ थांबवायचा. शब्द असा हवा की जो संकटात एरवी कुणी बोलणार नाही. बराच खल झाला. शेवटी रुक्मिणबाई पदर सावरत उठल्या.

"पुरणपोळी ठेवा," त्या म्हणाल्या. "मरणाच्या दारात पुरणपोळी कुणाच्या तोंडात येत न्हाई."

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

राहिला प्रश्न यजमानांचा. ते तालमीत मोकळे राहिले तर बायकांना एक हुकूम देऊ देणार नाहीत, हे उघड होतं. माने सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सगळ्या यजमानांना जखमी करू." त्यांना ओढ्यापलीकडे नेऊन निजवायचं, पट्ट्या बांधायच्या, आणि त्यांच्या बायकांनी त्यांना सोडवायचं. हे ऐकून एक ताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाहेर यजमान मंडळींना भूमिका समजावली, तर तीही खूश. भास्कररावांनी सगळ्यांत मोठी जखम मागून घेतली. मांडीचं हाड मोडलेलं.

त्या रात्री मुक्काम उमापूरला, एका शेतकरी कुटुंबात. जेवायला धपाटे (ज्वारीच्या पिठात कांदा-लसूण घालून थापलेली खमंग भाकरी), दही, आणि येसरची आमटी (येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ). माने सरांनी इतकी आमटी प्यायली की घरधनीणबाईंनी पातेलंच त्यांच्याजवळ ठेवलं. वाढता वाढता त्यांनी मला एक प्रश्न विचारला. दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर जातं, घरांना कुलपं लागतात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. तेव्हा तुमचा भूकंप आला तर वाचवायचं कुणी? माने सरांनी वाटी खाली ठेवली. मग आम्ही तिघं बसून बोललो, आणि तेव्हापासून आम्ही प्रत्येक गावाला दोन आराखडे करायला लावतो. एक भरल्या गावाचा, एक कुलपं लागल्यानंतरचा.

सकाळी नदीकाठच्या गावात पोचलो तर लग्नघराची कळा. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. शाळेच्या ओट्यावर सतरंजी, कोपऱ्यात चुलीवर शेंगुळ्यांचं (कुळथाच्या पिठाच्या, रश्शात शिजवलेल्या वळ्यांचं) मोठं पातेलं. आभाळात ढगाची चिंधी नव्हती. गाव आणि पलीकडची शेतं यांच्यामध्ये एक ओढा, तो पुढे जाऊन गोदावरीला मिळतो. माने सरांनी स्वतः तो ओलांडून पाहिला. पाणी गुडघ्याला लागत नव्हतं, आणि पाय ठेवायला मोठे दगड होते. त्या दगडांवरून सगळे यजमान हसत-खिदळत पलीकडे गेले. तिथे विहिरीच्या मोटारीची खोली आहे, वर स्लॅब आहे. तिच्यासमोरच्या उतरत्या गवतावर ते आडवे झाले. माने सरांनी प्रत्येकाला पट्ट्या बांधल्या. भास्कररावांच्या पायाला बांबूच्या कामट्या लावल्या आणि त्यांना स्ट्रेचरवर असं करकचून आवळलं की फक्त तोंड हलत होतं. मोठ्याने ओरडायचं, मदत मागायची, अंग चोरायचं नाही, अशी सर्वांना ताकीद देऊन सर परत आले.

भोंगा वाजला, आणि तालीम सुरू झाली. रुक्मिणबाईंच्या हातात बॅटरीवरचा कर्णा होता. पहिला हुकूम देताना त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्याला बसला. तिसऱ्या हुकमाला मात्र गल्लीच्या टोकाची कुत्रीसुद्धा उठून बाजूला झाली. घराघरांतून माणसं शाळेकडे निघाली. एक आजोबा शेळीला सोडून यायला तयार होईनात. रुक्मिणबाईंनी त्यांना सांगितलं की शेळ्यांची सोय शाळेमागच्या उंचवट्यावर आहे आणि शेळी तुमच्या आधी पोचेल. आजोबा लगेच निघाले. शेजारच्या गावांच्या सरपंचताई कुणी दोर, कुणी पाणी, कुणी औषधाची पेटी सांभाळत होत्या आणि हसू दाबत होत्या.

मग आम्ही ओढ्याकाठी आलो. पलीकडून यजमानांनी जो काही आक्रोश मांडला होता, तो ऐकून अंगावर काटा आला. ते हात हलवत होते, उड्या मारत होते, 'मेलो, वाचवा, पाणी आलं' म्हणून ओरडत होते. जखमींनी उड्या मारणं नियमात बसत नव्हतं, पण उत्साह दांडगा होता. इकडून बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक ताई म्हणाल्या, "आमच्या मालकांना (यजमानांना) नाटकातच घालायला पायजे होतं." पलीकडून ओरडा वाढला, तशा इकडच्या टाळ्याही वाढल्या. मीही टाळ्या वाजवत होते. भास्कररावांचा तर घसा फाटायला आला होता. आणि मग त्यांची एक हाक आली.

"ओ सरपंच, या की इकडं. सरपंच, खरंच पाणी आलंय."

रुक्मिणबाईंचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम, आमचे हे मला गमतीत बी कदी सरपंच म्हणत न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हणले म्हणजे खरंच हाय."

मी ओढ्याकडे पाहिलं. पाय ठेवायचे दगड दिसत नव्हते. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यात बाभळीच्या फांद्या, गवताच्या पेंढ्या गरगरत येत होत्या. वरच्या डोंगरात कुठेतरी रात्री पाऊस कोसळला असणार, आणि खाली गोदावरी आधीच तुडुंब असल्यामुळे ओढ्याला पुढे जायला वाट नव्हती. माने सरांचा चेहरा एकदम बदलला. रुक्मिणबाईंनी कर्णा तोंडाशी नेला. आधी हळू, मग खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "पुरणपोळी."

टाळ्या, हसणं, बोलणं, सगळं एका शब्दात थांबलं. पण परवलीचा शब्द ठरला तेव्हा यजमान मंडळी चिवडा खात होती, आणि नंतर तो त्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पलीकडून भास्कररावांचा रडवेला आवाज आला, "हितं पाणी आलंय अन् तुमाला पुरणपोळी सुचायलीय."

त्या क्षणीही मला हसू आलं. एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात भीती, अशी मी आयुष्यात तेवढीच एकदा उभी राहिले.

बाकीचे यजमान स्लॅबकडे पळत सुटले होते. भास्करराव खाली उतारावर, स्ट्रेचरला आवळलेले, आणि पाणी त्यांच्या बांबूच्या कामट्यांपर्यंत आलं होतं. माने सरांच्या गाठी सहज सुटणाऱ्या नव्हत्या. रुक्मिणबाईंनी कर्ण्यातून पळणाऱ्यांना एकेकाच्या नावाने थांबवलं. गाठी सोडत बसू नका, स्ट्रेचर आहे तसं उचला, दोघं डोक्याकडे, दोघं पायाकडे, वर आल्यावर सोडा. आदल्या दिवशी हे सगळं बायकांना शिकवलं होतं, पुरुषांना नव्हे. पण ते निमूट वळले, पाण्यात शिरले, आणि कण्हणारे भास्करराव लोखंडी शिडीवरून स्लॅबवर चढवले गेले.

माने सर जीपच्या टपावरून काढून आणलेली बोट पाण्यात सोडायला निघाले होते. रुक्मिणबाईंनी त्यांना थांबवलं. प्रवाहात काटेरी फांद्या आहेत, बोट फाटेल. जरा वरच्या अंगाला ओढा रुंद आहे, तिथे ओढ कमी असते, तिथून तिरकी सोडा. आणि दोर काठावर बांधल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरायचं नाही. सर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग "होय, सरपंच" म्हणून बोट उचलू लागले. गावातला पोहणारा एक भोई त्यांच्याबरोबर निघाला. दोघांनी जीवरक्षक जाकिटं घातली. दोराचं टोक चिंचेला बांधलं आणि ठेवणीतल्या साड्यांचे पदर खोचून सगळ्या सरपंचताई दोराला लागल्या.

रुक्मिणबाईंना स्वतः बोटीत जायचं होतं. त्यांचा एक पाय पुढे पडलाही होता. पण आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं की हुकूम देणाऱ्याने काठ सोडायचा नाही. त्या मागे आल्या. कर्णा उजव्या हातात, आणि डावा हात माझ्या हातात. त्या हाताने माझी बोटं घट्ट आवळली होती. आवाज मात्र थरथरत नव्हता.

बोट पहिल्यांदा पोचली तेव्हा स्लॅबवर रेटारेटी झाली. माने सर शिडीपाशी भास्कररावांनाच पुढे घ्यायला लागले. आता गाठी सोडल्या होत्या, पण पाय इतके जखडले होते की त्यांना उभं राहवत नव्हतं. खोलीच्या जुन्या भिंतीला पाणी थापा मारत होतं.

रुक्मिणबाईंनी कर्णा उचलला. "आदी बाकीचे. सरपंचाच्या घरचा माणूस शेवटाला."

ओढ्यावरून ते शब्द पलीकडे गेले. सगळे भास्कररावांकडे बघू लागले. इतक्या लांबून मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण त्यांनी मान हलवली, शिडीपासून मागे सरकले आणि स्लॅबच्या मधोमध पाय पसरून बसले. बोट गेली, आली, पुन्हा गेली. दर वेळी दोर ताणला की बायका एका तालात ओढायच्या. शेवटच्या खेपेला भास्करराव एकटेच उरले होते, आणि ती खेप मला सगळ्या सफरीत सर्वांत लांब वाटली.

बोट काठाला लागली. भास्करराव उतरले, चिखलात बसले. रुक्मिणबाईंनी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि केस खसाखसा पुसले, जरा जास्तच जोरात. मग त्या चिंचेआड गेल्या आणि थोड्या वेळाने डोळे धुऊन आल्या.

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. सुटलेल्या माणसांचं हसणं वेगळंच असतं. कुणी नुसतं नाक शिंकरलं तरी सगळे लोटपोट. शाळेत गरम शेंगुळे वाढले गेले. एकाने चहाचा कप भास्कररावांपुढे धरला आणि सवयीने 'घ्या सरपंच साहेब' म्हणाला. भास्कररावांनी कप घेतला नाही.

"सरपंच तिकडं हायेत," ते म्हणाले. "पयला त्यांना द्या."

पुढचा मुक्काम तेलगाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि बोंडं धरलेली कपाशी. इथले सरपंच पुरुष होते, आणि बातमी आमच्या आधी पोचली होती. आल्या आल्या त्यांनी माने सरांना, बांधायच्या गाठी जरा सैल ठेवा, अशी विनंती केली. रुक्मिणबाईंना आम्ही बोलायला बोलावलं होतं. भास्कररावांनी त्यांना मोटारसायकलवरून आणलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसले. रुक्मिणबाई टेबलाला हात टेकवून उभ्या राहिल्या आणि झालं ते तसंच सांगितलं; आपली चूक पण सांगितली, की शब्द ठरवला तेव्हा निम्म्या माणसांना बाहेर ठेवलं होतं. एका तरुण सरपंचाने विचारलं, नवऱ्याला शेवटी ठेवताना भीती वाटली नाही का?

"लई वाटली," त्या म्हणाल्या. "पण त्यांना आदी आणलं असतं तर पुढच्या पुराला माझं कुणी ऐकलं नसतं."

मागच्या रांगेतले भास्करराव छताकडे बघत होते.

परतीला धारूरचा घाट लागला. कडेला पाट्यांमध्ये सीताफळं घेऊन बायका बसलेल्या. आम्ही घेतली, दगडावर बसून खाल्ली, बिया कोण लांब उडवतो अशी पैज लावली. माने सर जिंकले. इतकी वर्षं मी समजत होते की माणसांना तयार करायचं म्हणजे आधी नीट घाबरवायचं. पुराची चित्रं, पडलेल्या घरांची चित्रं. पण त्या ओढ्याकाठी बायका आदल्या दिवशीपासून हसत होत्या, म्हणूनच कदाचित त्यांचे हात गारठले नाहीत.

सांगलीला आमच्या इमारतीखाली पोचलो तो संध्याकाळ झाली होती. शेजारीपाजारी गाडी लावायच्या जागेत गप्पा मारत होते. मी तिथेच उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगितली. पुरणपोळीपाशी तर हसून हसून लोक खाली बसले. हसणं ओसरल्यावर तळमजल्यावरच्या शिंदेकाकू म्हणाल्या, "आपल्याकडं पाणी शिरलं तर मला वर कोण नेणार? माझे गुडघे जिना चढत नाहीत."

कृष्णा आमच्या इमारतीपासून फार लांब नाही. मग पहिल्या मजल्यावरचा प्रसाद उठला आणि काकूंच्याच घरातली लाकडी खुर्ची घेऊन आला. समोरच्या नदाफभाभींनी खुर्चीचा एक पाय धरला, त्यांच्या मुलीने दुसरा, प्रसाद आणि माने सर पाठीकडून लागले. काकू आधी नको नको म्हणाल्या, मग पदर नीट करून ऐटीत बसल्या. जिन्यावर सगळी इमारत गोळा झाली. पहिल्या वळणावर खुर्ची अडकली, आणि चौघं एकमेकांना ओरडू लागले.

काकूंनी हात वर केला. "गप्प बसा सगळे. आधी डावीकडचे दोघं वर घ्या."

चौघं गप्प बसले, आणि डावीकडच्या दोघांनी वर घेतलं.